गाव एटीएम होऊन बसलं असेल तर: कॅम्पेनमधल्या बाजाराची दुरुस्ती

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायच्या गेमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी कथा, चालवली असेल तर हे लक्षण ओळखीचं आहे. सुरुवातीला गाव छान चालतं. खानावळीत गरम भाकरी मिळते, लोहाराकडे तलवार मिळते, वैदूकडे औषधाची बाटली मिळते. मग मंडळी पहिल्या गुहेतून लूट घेऊन परततात आणि गाव एटीएम होऊन बसतं. बारा गॉब्लिनांच्या, म्हणजे बुटक्या राक्षसांच्या, बारा वाकड्या तलवारी लोहार जागच्या जागी रोखीने घेतो. पुढच्या खेपेला ढाली, त्याच्या पुढच्या खेपेला धिप्पाड ओग्र राक्षसाचं सामान. कधी ना कधी टेबलावरचा एक जण विचारतोच, "भाऊ, या लोहाराकडे इतका पैसा येऊन कुठून राहिला?" डीएमकडे (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) उत्तर नसतं. तो भाव वाढवतो, वेशीवर कर बसवतो, नाहीतर रात्री चोर पाठवून प्लेअरच्या थैल्या पळवतो. थोडे दिवस बरे जातात आणि तेच परत सुरू होतं.

भावाशी खेळून हे सुटत नाही. गावात काय येतं, काय जातं आणि रोख कोणाच्या पेटीत आहे, हे डीएमने कधी ठरवलेलंच नसतं. ते एका पानावर मांडलं की भाव आपोआप सांगता येतात, आणि प्लेअरने कितीही आडवा प्रश्न टाकला तरी उत्तर पानावरच सापडतं. नागपुरात खेळणाऱ्यांना हे पान भरणं अवघड जाऊ नये. टेबलाभोवतीच्या कोणाची ना कोणाची काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असते, कोणाच्या काकांचं इतवारीत दुकान असतं, कोणाच्या घरी कापूस विकून आलेल्या पैशावर वर्षाचं गणित बसतं. गेम मांडायला बसलो की मात्र आपण ते सगळं विसरतो आणि नियमांच्या पुस्तकातल्या भावांच्या यादीवर विसंबतो.

पुढचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. दुसरी सिस्टीम खेळत असाल तर तिचे आकडे घाला, पद्धत तीच राहते.

आधी यादी नीट वाचा

एका गोल्डचे दहा सिल्व्हर, शंभर कॉपर. साध्या मजुराची रोजी 2 सिल्व्हर, कसबी माणसाची 2 गोल्ड. प्लेटचं चिलखत 1500 गोल्ड. म्हणजे मजुराची 7500 दिवसांची कमाई, एकही दिवस खाडा न करता वीस वर्षांहून जास्त. जखम भरून काढणारी बाटली 50 गोल्डची, म्हणजे 250 रोज्या. आता सांगा, तीन हजार वस्तीच्या गावात असलं चिलखत खुंटीला टांगून कोण ठेवेल? कोणाच्या भरवशावर?

यादीत भाव आहे म्हणजे माल दुकानात आहे, असं धरून चालणं ही पहिली गडबड. यादी इतकंच सांगते की सौदा झालाच तर साधारण किती पडेल. चिलखत हवं असेल तर लोहाराला इसार द्यावा लागेल, तो पोलाद मागवेल, त्याला दोन हात जास्तीचे ठेवावे लागतील आणि चार-सहा महिने जातील. प्लेअर कुरकुर करतात, पण त्या महिन्यांत लोहार जगला पाहिजे, पोलादाची गाडी सुखरूप आली पाहिजे, ही त्यांचीच गरज होते. साहसाचं निमित्त डीएमला फुकट मिळालं.

यादीतल्या भावांवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, याचा जुना किस्सा याच गेमच्या 3.5 आवृत्तीचा आहे. तिच्यात दहा फुटी शिडी 5 कॉपरला आणि दहा फुटी बांबू 2 सिल्व्हरला. शिडी घ्यायची, पायऱ्या काढून टाकायच्या, दोन बांबू विकायचे: पाचाचे चाळीस. हुशार प्लेअर हजार शिड्यांची ऑर्डर देतो आणि डीएम नियमाचं पुस्तक चाळत बसतो. पुस्तकाची गरजच नाही. गावात शिड्या करणारा सुतार एक, त्याच्याकडे तयार शिड्या तीन, आणि गावाला लागणारे बांबू वर्षाला फार तर वीस. एकविसाव्या बांबूला गिऱ्हाईक कोण? मालाला उठाव किती, हा प्रश्न यादी कधीच विचारत नाही. तो डीएमने विचारायचा.

पहिली दुरुस्ती: दाणे मोजा

बाकी सगळं सोडून आधी धान्य. माणशी रोज सहाशे ग्रॅम धरा. माझ्या नमुन्याच्या गावाचं नाव निळगढी, वस्ती तीन हजार. रोजचे 18 क्विंटल लागले. कच्च्या रस्त्यावर बैलगाडीत 6 क्विंटल धरले तर रोज तीन गाड्या. पण धान्य रोज पिकत नाही. कार्तिक ते माघ या चार महिन्यांत वर्षाचा साठा आत घ्यायचा असेल तर रोज नऊ गाड्या वेशीतून येतात. एवढ्या हिशोबावर गाव डोळ्यासमोर उभं राहतं: वेशीवर मापारी लागेल, जकातीचा नाका लागेल, बैलांना पाणी पाजायची जागा लागेल, गाडीवानांना रात्री पडायला धर्मशाळा लागेल, आणि दाणे ठेवायला पेवं लागतील.

आता हे पिकतं कुठे? जुन्या पद्धतीच्या कोरडवाहू शेतीत एकरी दोन क्विंटल धरा आणि त्यातला पाचवा हिस्सा गावाकडे येतो असं समजा. बाकीचा शेतकऱ्याच्या घरात खाण्याला आणि बियाण्याला जातो. निळगढीला सोळा हजारांहून जास्त एकर लागले, म्हणजे साधारण 66 चौरस किलोमीटर पीक, आणि ते कसायला आसपास दहा-बारा हजार माणसं. चारशे वस्तीची पंचवीस-तीस खेडी. बहुतेक नकाशांवर भलंमोठं शहर असतं, चहूकडे ओसाड रान असतं आणि एकही खेडं नसतं. तुमच्या नकाशाची दुरुस्ती इथूनच करा. सगळ्या खेड्यांना नावं देऊ नका, त्यात रात्र जाते. तीन नावं पुरे, बाकीची प्लेअर ज्या दिशेला जातील तिथे उगवतात.

गावाभोवती काय कुठे असावं याचा एक सरळ नियम योहान हाइनरिश फोन ट्यूनेन या जर्मन जमीनदाराने 1826 मध्ये मांडला होता: नासणारा माल गावाला चिकटून, मग जळणाचं लाकूड, मग धान्य, आणि सगळ्यात लांब गुरं, कारण गुरं स्वतःच्या पायांनी चालत बाजारात येतात. जळण इतकं जवळ ठेवलेलं बघून आज नवल वाटतं, पण लाकूड जड आणि रोज लागणारं. निळगढीच्या पूर्वेला जंगल आहे आणि तिथे राहणारी एल्फ जमात लाकूड तोडू देत नाही. एवढ्या एका ओळीवर गावात जळण महाग, भट्ट्या कमी आणि मडकी बाहेरून येणारी झाली.

दुसरी दुरुस्ती: रस्ता मोजा

मला सगळ्यात जास्त मजा इथे येते, आणि बहुतेक डीएम नेमकी हीच पायरी गाळतात.

एका गाडीत 6 क्विंटल गहू. पाचव्या आवृत्तीत गहू पाउंडाला 1 कॉपर, म्हणून गाडीची किंमत झाली सुमारे 13 गोल्ड. गाडीवानाची रोजी 2 सिल्व्हर, दोन बैलांचा चारा प्रत्येकी 5 कॉपर, म्हणजे दिवसाला 3 सिल्व्हर. रिकामी गाडी परतही यायची असते, म्हणून एका दिवसाच्या वाटेला 6 सिल्व्हर. बावीस दिवसांच्या वाटेवर गेलं की भाडं गव्हाच्या किमतीइतकं होतं. शांत मुलखात धान्य बऱ्यापैकी लांब जातं, असं दिसतं.

आता वाटेवर गॉब्लिन आले. गाडीबरोबर दोन शिपाई हवेत. भाडोत्री शिपाई कसबी माणसात मोडतो, रोज 2 गोल्ड. दोघांचे 4. जाण्या-येण्याचा दिवसाचा खर्च 6 सिल्व्हरवरून साडेआठ गोल्डच्या वर गेला, आणि दीड दिवसाच्या पुढे गहू नेणं तोट्याचं झालं. चार-पाच दिवसांच्या वाटेवरचं गाव धान्याविना राहील, आणि तरीही तिकडे गाडी जाणार नाही. गॉब्लिनांनी एकही गाडी लुटलेली नाही. नुसती भीती पुरली.

व्यापारी यावर काय करतात? एकत्र निघतात. दहा गाड्यांमागे तेच दोन शिपाई ठेवले की खर्च गाडीमागे वाटला जातो आणि गहू पुन्हा नऊ दिवसांच्या वाटेपर्यंत परवडतो. तांडा का निघतो, ठरलेल्या दिवशीच का निघतो, मागे राहिलेल्या गाडीवानाला का थांबत नाहीत, हे सगळं या भागाकारातून येतं. आपल्याकडे समुद्र नाही, तरी विदर्भात मीठ पोचत होतं ते बंजाऱ्यांच्या लमाण तांड्यांमुळे. बैलांच्या पाठीवर मीठ यायचं, परतीला धान्य आणि कापूस जायचा. परतीचा माल मिळाला की जाण्याचं भाडं अर्ध्यावर येतं, म्हणून तांडेवाला रिकामा परतायला नाखूश असतो. निळगढीत मीठवाला आला आणि परतीला त्याला काहीच मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी तो येईल का? आला तरी मीठ कोणत्या भावाने देईल?

टेबलावर हे असं वापरा. प्लेअरनी रस्ता मोकळा केला की पुढच्या सेशनला मीठ स्वस्त, धान्याला नवं गिऱ्हाईक, आणि आतापर्यंत साठेबाजी करून बसलेला एक व्यापारी त्यांच्यावर खार खाऊन. बक्षिसाच्या थैलीपेक्षा हा बदल त्यांना जास्त लक्षात राहतो. एखादा तर लगेच म्हणतो, "मंग आपणच तांडा काढू ना बे." काढू द्या.

महिना आणि वार

गेममधल्या बाजारात बाराही महिने सगळं मिळतं, हा आपल्या आजच्या सवयीचा परिणाम. तशी सवय इथेही पूर्ण खरी नाही. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे दोन हंगाम सरळ दिसतात: आंबिया बहराची फळं पावसाळा सरल्यावर हिवाळ्याच्या तोंडाशी, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चकडे. आवक दणकून आली की भाव पडतो, आणि बागवाल्याने घाई केली तर आणखी पडतो. कित्येक बागा फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला दिलेल्या असतात. मग गारपीट झाली तर नुकसान कोणाचं, यावर तंटा. फॅन्टसीत हाच तंटा आणा: ड्रॅगनने बाग जाळली, इसार घेतलेला शेतकरी म्हणतो फळ तुझं झालं होतं, व्यापारी म्हणतो तोडणी झालीच नव्हती. प्लेअरना पंच करा आणि गंमत बघा.

पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते. निळगढीतही आषाढ-श्रावणात वेशीतून गाडी येत नाही, जे येतं ते डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर. म्हणून मीठ, लोखंड आणि तेल आषाढाच्या आधी भरून ठेवावं लागतं, आणि ज्याच्याकडे पेव आहे तो भाद्रपदात गावाचा धनी असतो. माझा टेबलावरचा साधा नियम असा: कापणी झाल्यावर धान्य यादीच्या पाऊणपट भावाने, नवं पीक यायच्या आधी दीडपट. याहून बारीक हिशोब खेळताना कोणी वापरत नाही. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, तेव्हा त्या दिवशी प्लेअरना भाड्याने गाडी मिळू नये. असा एक अडथळा वर्षातून एकदा आला तरी गावाला स्वतःचं आयुष्य आहे असं वाटतं.

वारही ठरवा. छोट्या गावात रोज बाजार भरत नाही. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नागपुरातल्या जुन्या वस्त्यांची नावं आठवड्याच्या बाजारांची आठवण आहेत, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सोय मोठी: एकच बांगडीवाला सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. निळगढीचा बाजार गुरुवारी. शनिवारी जखमी होऊन परतलेल्या प्लेअरना दोरखंड हवा असेल तर तो दोरवाल्याच्या घरी जाऊन, जास्त पैसे देऊन घ्यावा लागतो. बाजाराच्या दिवशी मात्र पंचक्रोशीच्या बातम्या मिळतात, त्यामुळे माहिती कुठे मिळते हा प्रश्नही सुटतो.

रोख कोणाकडे?

लोहाराच्या तलवारींचा प्रश्न इथे सुटतो. गावात नाणी मोजकी असतात. निळगढीला मी माणशी एक गोल्ड धरतो, म्हणजे सगळी मिळून तीन हजार. त्यातली निम्मी मडक्यात पुरलेली आणि दागिन्यांच्या रूपात, म्हणजे बाजारात येतच नाहीत. लोहाराच्या गल्ल्यात कुठल्याही दिवशी दहा-पंधरा गोल्ड. सराफाकडे दोन-तीनशे. देवळाच्या पेटीत थोडे, गढीवरच्या सरदाराच्या खजिन्यात बरेच, पण त्यातले शिपायांच्या पगाराला बांधलेले.

मग लोक व्यवहार कशावर करतात? उधारीवर आणि दाण्यावर. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी वर्षभर काम करतात आणि खळ्यावर आपला वाटा उचलतात. आपल्या खेड्यांतली बलुत्याची पद्धत तीच. शेतकरी बियाणं सवाई-दिढीने घेतो, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण परत. सगळ्यात श्रीमंत माणसाची श्रीमंती त्याच्या तिजोरीत कमी आणि त्याच्या वहीत जास्त असते. त्या वहीला आग लावायला प्लेअरना कोणी नेमलं, तर त्या कामाची किंमत काय होईल याचा विचार करा.

आता त्या बारा तलवारी. पुस्तकातही म्हटलं आहे की राक्षसांची हत्यारं सहसा विकण्याच्या लायकीची नसतात. वाकडी तलवार नवी 25 गोल्डला, अर्ध्या भावाने बारांचे 150 होतात. पण लोहाराला त्या लोखंड म्हणूनच कामाच्या. एक तलवार 3 पाउंडांची, लोखंड पाउंडाला 1 सिल्व्हर: बारांचं मिळून साडेतीन गोल्डच्या आसपास. "इतकेच?" असं प्लेअर ओरडणार. लोहाराने तेव्हा रोखीऐवजी दुसरं काही द्यावं: घोड्यांचे नाल वर्षभर फुकट, किंवा "गढीवर कोतवालाला हत्यारं हवी आहेत, माझं नाव सांगा". गढीला पंचवीस शिपायांची सोय करायची असेल तर तलवारींना खरा भाव तिथेच मिळेल, आणि तिथे गेलं की गढीचं राजकारण आलंच.

मोठा खजिना हाती लागला की डीएमला घाम फुटतो. पाच हजार गोल्ड म्हणजे पन्नास नाण्यांना एक पाउंड या हिशोबाने शंभर पाउंड, पंचेचाळीस किलो. गावातल्या सगळ्या नाण्यांहून जास्त. म्हणून गाव बुडणार का? इतिहास बघितला तर इतकं सोपं नाही. मालीचा सम्राट मान्सा मूसा 1324 मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने हात सैल सोडून सोनं वाटलं. त्या काळचा अरब इतिहासकार अल-उमरी लिहितो की त्याआधी सोन्याच्या एका मिस्कालला (तिकडचं सोन्याचं वजन) 25 दिरहमच्या (चांदीची नाणी) खाली भाव जात नव्हता, तो 22 च्याही खाली आला आणि बारा वर्षं तसाच राहिला. म्हणजे बारा-तेरा टक्क्यांची घसरण. कैरोसारखं अफाट शहर होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. तीन हजारांच्या गावात घसरण जास्त होईल, पण ती सोन्याच्या भावात होईल. ज्वारी पिकायची तेवढीच पिकेल.

टेबलावर याचा अर्थ असा: सराफ आधी दहा टक्के बट्टा लावतो, मग वीस, मग सुट्टे चांदीचे नाणे नाहीत म्हणून हात वर करतो. घर, जमीन, बैल आणि मजुरी महाग होते, कारण गावात विकत घेण्यासारखं तेवढंच आहे. बाहेरचे व्यापारी वास काढत येतात आणि दोन-तीन महिन्यांत सोनं गावाबाहेर वाहून जातं, बदल्यात रेशीम, घोडे, दारू आत येते. त्यानंतर भाव उतरतात. त्या मधल्या काळात ज्या मजुराचं घरभाडं वाढलं, तो प्लेअरना खानावळीत काय सुनावेल ते मात्र तयार ठेवा.

गाव जगतं कशावर?

धान्य आत येतं, तर बाहेर काय जातं? याचं एकच ठळक उत्तर असू द्या. गाव नदीच्या उतारावर आहे म्हणून, किंवा खाण आहे म्हणून, किंवा देवस्थान आहे म्हणून. नागपूरजवळची कामठी बघा: 1821 मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी पडली आणि फौजेला दाणा-वैरण, कपडा, चामडं पुरवणारी माणसं तिच्याभोवती जमली. तुमच्या कॅम्पेनमधल्या छावणीच्या गावातून फौज उठवली तर काय होईल? अर्धा बाजार तिच्या मागे चालू लागेल, उरलेला उधारी बुडाली म्हणून रडेल. कथानकाला एवढं पुरतं.

लांबचं कारणही चालतं, आणि मला तर तेच जास्त आवडतं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इकडे हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव उतरला. ज्याने चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं होतं त्याला अमेरिका कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. निळगढीच्या निळीला अचानक तिप्पट भाव का आला, हे गावात कोणालाच माहीत नाही. प्लेअर शोधायला निघाले तर त्यांना दोन राज्यांपलीकडचं युद्ध सापडेल.

जादूने सगळं बिघडतं, ही तक्रार

"टेलिपोर्ट आहे तर गाड्या कोण हाकेल?" हा प्रश्न येतोच. टेलिपोर्ट म्हणजे क्षणात दूर पोचवणारा मंत्र. उत्तर जादूगार किती आणि त्यांचा दिवस किती महाग, यावर आहे. टेलिपोर्ट करणारा जादूगार ज्वारीच्या पोत्यांसाठी मंत्र खर्च करणार नाही. केशर, रत्नं, पत्रं, औषधं यांच्यासाठी करेल. म्हणजे हलका आणि महाग माल जादूने, जड आणि स्वस्त माल बैलाने. राजधानीशी जोडणाऱ्या टेलिपोर्टच्या जादुई वर्तुळामुळे निळगढीच्या सराफाला तिकडचा भाव त्याच दिवशी कळतो, गाडीवानाला पंधरा दिवसांनी. या पंधरा दिवसांवर सराफ जगतो.

आणि खरोखरच स्वस्त वाहतूक आली तर? तेही नागपुरात घडलेलं आहे. मुंबईहून रेल्वे 1867 मध्ये पोचली, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. हाताने सूत कातण्याचं काम गेलं. विणकर मात्र लगेच संपले नाहीत, गिरणीचं सूत घेऊन रेशीमकाठी लुगड्यांवर त्यांनी बराच काळ तग धरला. तुमच्या जगात कायमचं वर्तुळ उघडलं की असंच विचारा: कोणतं काम पहिल्या वर्षी गेलं, कोण दुसऱ्या मालाकडे वळलं, आणि तांडेवाले आता कुठे जातात? त्यातले काही दरोडेखोर झाले असतील, तर तुमचे पुढचे चार सेशन तयार आहेत.

तपासणी

पान भरून झालं की प्लेअर यायच्या आधी एक रस्ता बंद करून बघा. आठ दिवसांत काय महागलं, महिन्याभरात काय संपलं, आणि फायदा कोणाचा झाला? तिन्ही उत्तरं पटकन आली तर गाव उभं आहे. अडलात तर त्या वस्तूची आवक लिहायची राहिली आहे. मग गावातल्या सर्वात श्रीमंत माणसाचं नाव घ्या आणि त्याचं येणं कोणाकडून आहे ते सांगा. तिथे अडलात तर रोखीचा भाग कच्चा आहे.

निळगढीचं माझं पान एवढंच आहे. येतं: ज्वारी-तूर जवळच्या खेड्यांतून, कार्तिक ते माघ, मीठ तांड्याने वर्षातून दोनदा, लोखंड डोंगरातल्या ड्वार्फांकडून (बुटकी खाणकरी जमात), नदी उतरली की. जातं: निळीचं कापड, लाख, मोहाची दारू. रोख: सराफ, गढी, देऊळ. देणं: अर्धी खेडी मीठवाल्याला, मीठवाला सराफाला, सराफ गढीला. अडचण: गढीने दोन वर्षं शिपायांचा पगार थकवला आहे.

हे सगळं प्लेअरना वाचून दाखवू नका. टेबलावर हिशोब नको असणारेही असतात आणि त्यांचं खेळणं बिघडवण्यात अर्थ नाही. त्यांनी दोरखंड मागितला तर भाव सांगा आणि पुढे चला. फक्त दुकानदाराच्या तोंडी एक वाक्य जास्त घाला: "गाडी अडकली आहे, शेवटचा आहे, घ्यायचा तर आजच घ्या." ज्याला रस असेल तो विचारेल गाडी कुठे अडकली.